लॉक लावा, निर्धास्त झोपा

अभिनंदन! तुमच्या प्रोग्राममध्ये आता एकाहून जास्त थ्रेड आहेत. गेल्या आठवड्यापर्यंत बिचारा एकच थ्रेड वरून खाली इमानेइतबारे राबत होता. आता आठ थ्रेड आठ बाजूंनी धावताहेत आणि तुमच्या मॅनेजरने क्लायंटला "सिस्टीम आठपट फास्ट होणार" असं सांगूनही टाकलंय. म्हणजे परतीचे दोर कापले गेले. आता या आठ जणांनी एकाच वेळी एकाच डेटात हात घालू नये, एवढंच बघायचं. त्यासाठी लॉक असतात.

लॉकचं शिक्षण तुम्हाला कॉलेजात मिळालंच आहे. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ काढले, मधे पाच काटे काढले, "सर्वजण उपाशी राहतात" असं खाली लिहिलं की दहापैकी सात गुण ठरलेले. पण नोकरीत लॉक कसे लावतात हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ती उणीव आम्ही इथे भरून काढत आहोत.

आधी ध्येय पक्कं करा. प्रोग्राम बरोबर चालावा, असलं काही मनात आणू नका. त्याला फार वेळ लागतो. कोड रिव्ह्यूत तुमच्या लॉकवर कुणी बोट ठेवू नये, टेस्टिंगमध्ये काही सापडू नये, आणि प्रॉडक्शनमध्ये जे काही व्हायचं ते तुम्ही गावी गेलेले असताना व्हावं, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं.

थोडं शास्त्र (थोडंच)

"शिल्लक कमी करा" ही ओळ तुम्हाला एक दिसते. प्रोसेसरला त्यात किमान तीन कामं दिसतात: मेमरीतून आकडा उचल, वजाबाकी कर, परत ठेव. समजा एका पतसंस्थेच्या खात्यात १०,००० रुपये आहेत. एक थ्रेड एटीएमवरून आलेले ७,००० काढतोय, दुसरा त्याच क्षणी कर्जाचा ६,००० चा हप्ता कापतोय. दोघंही शिल्लक वाचतात, दोघांनाही १०,००० दिसतात, दोघंही मनात म्हणतात, भरपूर आहेत. पहिला ३,००० लिहितो. त्यावर दुसरा ४,००० लिहितो. खात्यातून १३,००० गेले, तरी शिल्लक ४,०००! खातेदाराची तक्रार येणार नाही, याची खात्री बाळगा.

आकडा वाचल्यापासून परत लिहीपर्यंतचा जो टप्पा, तो क्रिटिकल सेक्शन. तिथे एका वेळी एकच जण हवा. नेदरलंड्सच्या एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली हा प्रश्न आणि त्याचं उत्तर छापून प्रसिद्ध केलं. रेल्वेवाल्यांनी तो त्याच्याही कितीतरी आधी सोडवला होता. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एकच गाडी असावी म्हणून टोकनचा गोळा असे. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रं तारेने अशी जोडलेली, की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचाच नाही. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, आणि पलीकडच्या स्टेशनात पोचला की तो जमा करी.

यातली मेख अशी की गोळा रूळ अडवत नाही. रूळ उघडेच असतात. गोळा न घेता एखादा निघालाच, तर गोळ्याला त्याचं काहीही करता येत नाही. लॉकही तसाच. तो डेटाला हात लावत नाही, डेटाला त्याचा पत्ताही नसतो. जो विचारायला येतो त्यालाच तो थांबवतो, न विचारता घुसणाऱ्याला नाही. म्हणजे कुठला लॉक कुठल्या डेटासाठी, हे तुमच्या टीममधल्या सगळ्यांनी आपसात ठरवलेलं आणि पाळलेलं असेल, तरच त्याचा उपयोग.

हा परिच्छेद वाचून झाला असेल तर आता विसरून जा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विसरण्यावर उभ्या आहेत.

पायरी १. लिहिणाऱ्याला लॉक, वाचणाऱ्याला मोकळीक

"नुसतं वाचतोय, त्याने काय बिघडतं?" हे वाक्य पाठ करा, रिव्ह्यूत उपयोगी पडतं. या खात्यातून त्या खात्यात पैसे नेणारा थ्रेड नियमाने लॉक घेतो, इकडून ५,००० वजा करतो, तिकडे ५,००० जमा करतो, मग लॉक सोडतो. आदर्श वर्तन. त्याच वेळी संध्याकाळचा रिपोर्ट काढणारा थ्रेड लॉकबिक न घेता बरोबर वजा आणि जमा यांच्या मधे डोकावतो. त्याला संस्थेच्या एकूण ठेवींत ५,००० कमी दिसतात. पैसे कुठेही गेलेले नाहीत, पुढच्या क्षणी ते जागेवर येणार आहेत. पण रिपोर्ट तेवढ्यात छापला जातो, साहेबांच्या टेबलावर जातो, आणि कॅश काउंटरवरच्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागतात. त्याच्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. तुम्हालाही वाटू द्या.

वाचणाऱ्याला मोकळं सोडण्याचा आणखी एक लाभ आहे. लॉक न घेता वाचलं तर दुसऱ्या थ्रेडने लिहिलेला ताजा आकडा दिसेलच, याची हमी भाषा देत नाही. "थांब" असा एक झेंडा ठेवा आणि तो वर होईपर्यंत फिरत राहणारं लूप लिहा. कंपायलर हुशार असतो. या लूपमध्ये तर कुणी झेंड्याला हात लावत नाही, हे पाहून तो झेंडा एकदाच वाचून ठेवू शकतो. तुम्ही बाहेरून झेंडा हलवत बसा, लूप आपलं फिरतंय.

पायरी २. प्रत्येक फंक्शनला लॉक लावा

इथे बरेच नवशिके कमी पडतात. ते एकदोन ठिकाणी लॉक लावून थांबतात. तुम्ही हात आखडता घेऊ नका. शिल्लक वाचणाऱ्या फंक्शनला लॉक. शिल्लक लिहिणाऱ्या फंक्शनला लॉक. खातेदाराचं नाव सांगणाऱ्याला लॉक. नाव जन्मात बदलणार नसलं तरी लॉक. मग क्लासच्या डोक्यावर अभिमानाने लिहा: "हा क्लास थ्रेड-सेफ आहे."

आता हा क्लास वापरणारा काय करतो बघा. तो शिल्लक विचारतो: लॉक घेतला, आकडा मिळाला, लॉक सुटला. मग तो "७,००० पुरतील का?" असा विचार करतो. मग नवी शिल्लक लिहितो: पुन्हा लॉक घेतला, आकडा ठेवला, लॉक सुटला. वाचताना कडेकोट, लिहिताना कडेकोट, आणि ज्या विचार करण्याच्या टप्प्यात तो हप्तेवाला थ्रेड येऊन जायचा असतो, तो टप्पा मोकळाच. वरचे १३,००० आताही तसेच जातात. फरक एवढाच, की आता ते थ्रेड-सेफ पद्धतीने जातात.

कुणी शंका काढलीच तर क्लासवरची ती ओळ दाखवा. "लॉक ओळींना लावायचा नसतो, शिल्लक आणि उचल यांचा मेळ कायम राहिला पाहिजे या नियमाला लावायचा असतो" असं काहीतरी तो म्हणेल. असल्या माणसांना आर्किटेक्ट म्हणतात. ते दुसऱ्या प्रोजेक्टवर जाईपर्यंत धीर धरा.

पायरी ३. लॉक कशावर, याचा फार विचार करू नका

जावामध्ये सहसा कुठल्याही ऑब्जेक्टवर लॉक घेता येतो. इतकं स्वातंत्र्य दिलंय तर ते वापरा. मोजणी जपायची आहे? मग त्या मोजणीच्या इंटिजर ऑब्जेक्टवरच लॉक घ्या. ज्याला जपायचं त्यालाच धरलं, याहून तर्कशुद्ध काय असणार!

गंमत अशी, की जावातला इंटिजर ऑब्जेक्ट बदलत नाही. एक मिळवला की व्हेरिएबलमध्ये दुसराच ऑब्जेक्ट येऊन बसतो. पहिला थ्रेड जुन्या आकड्याचा लॉक धरून आत असतो, तेवढ्यात दुसरा येतो, नव्या आकड्याचा लॉक मोकळा बघतो, तो घेतो आणि आत शिरतो. दोघांनीही नियम पाळलेला असतो, दोघांच्याही हातात लॉक असतो, आणि दोघंही आत असतात.

लहान आकड्यांत याहून बहार आहे. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर जावा तयार ठेवते आणि मागेल त्याला तोच ऑब्जेक्ट देते. तुम्ही तुमच्या ५ वर लॉक घेतलात, आणि कुठल्याशा तिसऱ्याच लायब्ररीत एका सद्गृहस्थाने त्याच्या ५ वर घेतला असेल, तर तो लॉक एकच. तुमचं बिलिंग त्याच्या ईमेलसाठी थांबेल आणि कारण दोघांपैकी कुणालाच कळणार नाही. सरळ "लॉक" अशी स्ट्रिंग लिहून तिच्यावर लॉक घेतलात तरी हीच सोय उपलब्ध आहे.

पायरी ४. स्वतःचा लॉक स्वतः बनवा

तयार लॉक वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उड्या. एक व्हेरिएबल घ्या, नाव "आत-कोणी". खोटं असेल तर खरं करा आणि आत जा, खरं असेल तर थांबा. झाला लॉक. फक्त तो व्हेरिएबल वाचणं आणि खरं करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोघांनी एकदम वाचलं तर दोघांनाही "खोटं" दिसेल. म्हणजे डेटा जपायला बनवलेल्या लॉकलाच आता लॉक लागेल. तो बनवा. मग त्यालाही बनवा. हा प्रवास आनंदाचा असतो.

पुस्तकात डोकं घातलंत तर कळेल की केवळ साध्या वाचण्या-लिहिण्यावर चालणारा, दोन प्रोसेसचा बिनचूक उपाय डच गणिती डेकर यांनी साठ वर्षांपूर्वीच काढला होता, आणि पीटरसन यांनी १९८१ साली तो इतका सुटसुटीत केला की पोस्टकार्डावर मावेल. तो उतरवून घ्या. कागदावर तो बरोबर आहे, सिद्धताही आहे. फक्त आजचे प्रोसेसर आपण लिहिलेली गोष्ट आधी स्वतःच्या खिशात ठेवतात आणि सवडीने मेमरीत टाकतात. मधल्या वेळात दुसऱ्या कोअरला जुनंच दिसतं. तेव्हा मेमरी बॅरियर घालावा लागतो. तो कुठे घालायचा हे ज्यांना नक्की माहीत असतं ते सहसा स्वतःचा लॉक लिहीत नाहीत. तुम्ही लिहा.

पायरी ४. थोडं झोपवा

(हो, हीसुद्धा पायरी ४ च. दोन लेखकांनी एकदम ३ वाचला, दोघांनी त्यात एक मिळवला. आकडा दुरुस्त करण्यासाठी टिकीट काढलेलं आहे.)

दोन थ्रेडची गाठ पडते आहे असं वाटलं तर एकाला २०० मिलिसेकंद झोपवा. गाठ टळेल. पुढच्या रिलीजला टळली नाही तर ५०० करा. शेजारी कॉमेंट लिहा: "हे काढू नये. काढल्यास चालत नाही." हा कॉमेंट तुमच्या पश्चातही त्या कोडमध्ये राहील.

पायरी ५. डेडलॉक घडवून आणा

डेडलॉक आपोआप होतो, हा एक गैरसमज आहे. त्याला मेहनत लागते. १९७१ मध्ये कॉफमन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चार अटी मांडल्या, आणि चारही एकदम पूर्ण झाल्या पाहिजेत. एक जरी हुकली तरी सगळं मुसळ केरात. तेव्हा नीट लक्ष द्या.

वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात असावी. हे लॉकमुळे आपोआप जमतं. हातातलं न सोडता दुसरं मागावं. हेही सोपं, स्वभावातच असतं. कुणाच्या हातातलं कुणी हिसकावू नये. लॉकच्या बाबतीत सगळे सभ्यच असतात. खरी अवघड ती चौथी: वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण झालं पाहिजे. पहिला दुसऱ्याची वाट बघतोय, दुसरा पहिल्याची.

ती अशी साधा. पैसे पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये आधी ज्याच्याकडून जायचे त्या खात्याचा लॉक घ्या, मग ज्याच्याकडे जायचे त्याचा. वाचायला किती स्वाभाविक! रिव्ह्यूत कुणाची पापणीही हलणार नाही. आता ११ नंबरच्या खात्यावरून ४२ ला पैसे निघाले, आणि त्याच क्षणी ४२ वरून ११ ला. पहिल्याने ११ धरलं, दुसऱ्याने ४२ धरलं. पहिला म्हणतो, ४२ सुटलं की जातो. दुसरा म्हणतो, ११ सुटलं की जातो. दोघंही शिस्तीचे, दोघंही थांबलेले, आणि दोघांच्या मागे त्याच खात्यांसाठी रांग लागलेली.

पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान नंबरच्या खात्याचा लॉक नेहमी आधी घ्यायचा, असा नियम टीमने केला तर वर्तुळ कधीच पूर्ण होणार नाही आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात जाईल. हा नियम लागू करायला दोन ओळी लागतात. तेव्हा टीममध्ये ही चर्चा निघू लागली की चहाला चला म्हणा.

पायरी ६. रीस्टार्ट

डेडलॉकची खूण ओळखायला शिका. रात्री सव्वाबाराला फोन येतो.

"सर, सिस्टीम परत अडकलीय."

"सीपीयू किती आहे?"

"शून्याच्या आसपास."

"मेमरी?"

"ठीक आहे, सर."

"लॉगमध्ये काय दिसतंय?"

"काहीच नाही. पावणेबारापासून एक ओळ पडलेली नाही."

"मग नेटवर्कच असणार. रीस्टार्ट मार."

"मारला... हां, झाली चालू."

"बघ, म्हटलं होतं ना, नेटवर्क."

या संवादात एकच धोका होता, तो टळला. पोराने रीस्टार्टच्या आधी थ्रेड डंप काढला असता तर जावाने कुठला थ्रेड कुठला लॉक धरून कुणासाठी बसलाय हे नावानिशी छापून दिलं असतं. म्हणून रीस्टार्ट तत्परतेने करावा. पुरावा मेमरीत असतो आणि मेमरी पुसली जाते. रोज पहाटे चारला आपोआप रीस्टार्ट लावून टाकलात तर त्याला "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स" म्हणता येतं आणि क्लायंटला त्याचं बिलही लावता येतं.

जाता जाता काही झटपट टिपा

लॉक घेतल्यावर मधेच एक्सेप्शन आलं तर? येणार नाही. सोडण्याची ओळ "फायनली"त घालणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं.

वाट बघणारा थ्रेड जागा झाला म्हणजे ज्याची वाट बघत होता ते घडलंच असणार, असं धरून चाला. अट पुन्हा तपासायला "व्हाइल" लिहू नका, "इफ" पुरे. थ्रेड कधीकधी काही कारण नसताना जागे होतात हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं. ते कोण वाचतं?

साध्या हॅशमॅपमध्ये दोन थ्रेडने एकदम भर घातली तर फार तर एखादी नोंद हरवेल, असं लोक म्हणतात. जावाच्या सातव्या आवृत्तीपर्यंत याहून चांगली सोय होती. मॅप मोठा होत असताना दोघांनी गाठलं तर आतल्या यादीचं शेपूट तिच्याच तोंडात जायचं, आणि पुढे जो कुणी त्या खणात शोधायला जाईल तो जन्मभर गोल फिरायचा. सीपीयू १०० टक्के. मॅनेजरला वाटायचं, मशीन मन लावून काम करतंय.

पायरी ७. एकच मोठा लॉक

वरचं सगळं झेपत नसेल तर हा राजमार्ग. सगळ्या प्रोग्रामला मिळून एक लॉक. ज्याला काहीही करायचं असेल त्याने तो घ्यावा. आम्हाला कबूल करायला जड जातंय, पण हा उपाय बरोबर आहे. चूक होत नाही. फक्त आठ थ्रेडपैकी सात जण एका वेळी रांगेत उभे असतात आणि तुम्ही आठ कोअरच्या मशीनचं भाडं भरत असता.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मोठमोठ्यांनी हेच केलंय. लिनक्सने १९९६ मध्ये एकाहून जास्त प्रोसेसर चालवायला सुरुवात केली तेव्हा अख्ख्या कर्नलला एक मोठा लॉक लावला. तो हळूहळू सोडवत सोडवत पूर्णपणे काढायला २०११ उजाडलं. पायथॉनमध्ये असाच एक लॉक वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. तो काढलेली प्रायोगिक आवृत्ती २०२४ मध्ये कुठे आली. घालताना दुपार पुरते, काढताना पिढी जाते. तेव्हा घाला बिनधास्त, काढणारे तुम्ही नसाल.

मोठा लॉक धरून असतानाच बाहेरच्या सर्व्हरला फोन लावायला विसरू नका. त्याचं उत्तर एरवी लगेच येतं, म्हणून काही जाणवत नाही. महिन्याच्या एक तारखेला, पगार जमा होत असताना, तो सर्व्हर दमतो. तीस सेकंदांचा टाइमआउट असेल तर तीस सेकंद तुमचा प्रोग्राम लॉक हातात धरून निवांत बसतो आणि बाकी सगळं जग त्याच्याकडे बघत बसतं.

पायरी ८. मोठ्यांना पुढे घाला

महत्त्वाच्या थ्रेडला वरची प्रायॉरिटी द्या, फालतू कामांना खालची. मग एखादा लॉक या दोघांत सामायिक ठेवा. याचा प्रयोग थेट मंगळावर झालेला आहे. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान तिथे उतरलं, आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपला आपण रीसेट होऊ लागला. यानातली सगळी माहिती इकडून तिकडे नेणाऱ्या बसचा कारभार बघणारं काम सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचं. हवामानाच्या नोंदी घेणारं काम खालच्या. दोघांना मिळून एक लॉक. हवामानवाला लॉक धरून असायचा, तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचं संदेशवहनाचं लांबलचक काम उठायचं आणि त्याला बाजूला सारायचं. हवामानवाल्याला वेळच मिळेना, म्हणून लॉक सुटेना, म्हणून सगळ्यात मोठा साहेब ताटकळत. बसचं काम वेळेत झालं नाही हे पाहून पहारेकरी टायमर सगळा संगणकच रीसेट करी.

लॉक धरणाऱ्या छोट्याला तेवढ्यापुरती साहेबाची प्रायॉरिटी द्यायची, अशी सोय त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होती. बंद ठेवलेली होती. इंजिनिअरांनी यानाच्या पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच घोटाळा घडवून आणला, आणि मग मंगळावर संदेश पाठवून ती सोय चालू केली. तुमचा सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये आहे, एवढं तरी समाधान माना.

पायरी ९. टेस्टिंग

तुमच्या लॅपटॉपवर, एका युजरने, एकदा चालवून बघा. चाललं? झालं टेस्टिंग. थ्रेडची आणि लॉकची झडती घेणारी, रेस कंडिशन हुडकून देणारी साधनं मिळतात, पण ती प्रोग्राम कमालीचा मंद करतात आणि नको ते सांगतात.

तरी कधी एखादा घोटाळा डोळ्यांसमोर आलाच तर कोडमध्ये जागोजागी छापण्याच्या ओळी घाला. घोटाळा गायब होईल. यात जादू नाही; जावात स्क्रीनवर छापणारं फंक्शन आत स्वतःचा लॉक घेतं, त्यामुळे तुमचे थ्रेड नकळत एकामागे एक चालू लागतात. बग बंद झाल्याची नोंद करा. पुढच्या महिन्यात लॉग फार होतात म्हणून कुणीतरी त्या ओळी काढेल, तेव्हा नवं टिकीट निघेल. नवं टिकीट म्हणजे नवं काम.

"हजारो वेळा चालवलं, कधी काही झालं नाही" हा तुमचा शेवटचा आणि सगळ्यात भक्कम युक्तिवाद. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म प्रणाली त्या दुपारी गुपचूप बंद पडली होती, कारण दोन प्रोसेसना एकाच डेटात एकदम लिहायला मिळालं. ऑपरेटरांना अलार्म वाजत नव्हते, म्हणून सगळं ठीकच चाललंय असं त्यांना वाटत राहिलं. ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने नंतर सांगितलं, की ३० लाखांहून जास्त तासांच्या वापरात हा बग कधीच वर आला नव्हता. तुमच्या हजार वेळांची गोष्टच सोडा.

आणि लॉक नकोच असेल तर थेरॅक-२५ चा रस्ता आहे. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा मारा रोखणारी स्वतंत्र विजेची अडवणूक बसवलेली होती. नव्या मॉडेलमध्ये ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं, आणि सॉफ्टवेअरमधली कामं एकमेकांचा डेटा न विचारता वाचत-लिहीत होती. ऑपरेटरने आधी चुकून क्ष-किरण टाइप केलं, मग मागे जाऊन इलेक्ट्रॉन केलं, आणि हे सगळं आठ सेकंदांच्या आत उरकलं, तर बदल स्क्रीनवर दिसे पण यंत्राच्या एका भागाला कळतच नसे. १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना भयंकर जादा मारा बसला, त्यांतले काही दगावले. कारखान्याकडून बराच काळ उत्तर येत राहिलं की असं होऊच शकत नाही. टेक्ससमधल्या टायलर गावच्या रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने कीबोर्डवर पुन्हा पुन्हा बसून ते घडवून दाखवलं. सावकाश टाइप केलं की काही होत नव्हतं. कामात मुरलेल्या, बोटं सफाईने फिरणाऱ्या माणसाच्याच हातून ते घडत होतं. टेस्टिंग करणारे नवखे होते, म्हणून त्यांना सापडलं नव्हतं. या पायरीला आमच्याकडे टीप नाही.

पायरी १०. केटी

नोटिस पीरियडचे शेवटचे दोन आठवडे. तुमच्या जागी आलेल्या पोराला कोड समजावून द्यायचाय. मीटिंग रूम बुक करा, प्रोजेक्टर लावा, आकृत्या भरपूर ठेवा. चौकोन, बाण, चौकोन. बाणांवर "अ‍ॅसिंक" लिहा. लॉक कुठे कुठे आहेत त्याची यादी द्या. यादी लांब असली की काम केल्यासारखं वाटतं.

तो पोरगा हुशार असेल तर यादी बघेल आणि विचारेल, "सर, यातला हा तिसरा लॉक नेमका कुठला डेटा जपतो? आणि त्या डेटाला हात लावणारे सगळे जण हाच लॉक घेतात का?"

घाबरू नका. "छान प्रश्न आहे" म्हणा. वहीत लिहून घ्या. "याच्यावर ऑफलाइन बोलू" म्हणा. मग त्याला २०० मिलिसेकंदांची ती झोप दाखवा आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगा, की हिला मात्र काही झालं तरी हात लावायचा नाही.